हॅनाची खुर्ची

अकरावी 'बी'च्या वर्गात फळ्याशेजारी एक खुर्ची ठेवलेली असायची. तिच्यात बसायचं तर आपलं नाव बाकावर सोडून यायचं, असा वसुंधरा मॅमचा कायदा होता. खुर्चीत बसलेली मुलगी म्हणजे कादंबरीतलं पात्र. समोरचा अख्खा वर्ग तिला वाट्टेल ते विचारणार आणि तिने ते पात्र होऊन उत्तर द्यायचं. 'मला वाटतं' म्हणायचं नाही, फिदीफिदी हसायचं नाही, आणि समोरच्याला बरं वाटावं म्हणून गोड बोलायचं तर मुळीच नाही. उत्तर संपलं की मॅम चष्म्यावरून बघत एकच प्रश्न विचारायच्या, "कुठल्या प्रकरणात?" प्रकरण सांगता आलं तर मार्क. नाही आलं तर उत्तर कितीही सुंदर असो, भोपळा.

कादंबरी इंग्रजी होती, दीडशे वर्षांपूर्वीची आणि विटेएवढी जाड. इंग्लंडच्या उत्तरेकडचं थंडगार बंदर, तिथे जहाजांना वाट दाखवणारा एक बाप, त्याची बायको आणि दोन मुली. थोरली हॅना पहिल्याच प्रकरणात भरतीच्या पाण्यात सापडून बुडते. पुढची सगळी प्रकरणं तिची आई जेवायला बसताना हॅनाचं ताट वाढत राहते, आणि हळूहळू धाकटीला त्या ताटासमोर कुणीतरी बसलेलं दिसायला लागतं. भूत खरं, की घरानेच तयार केलेलं? चर्चा करा, उताऱ्यांचे दाखले द्या, गुण वीस. सिकंदराबादजवळच्या हिमायतनगरच्या त्या शाळेतल्या मुली त्या पुस्तकाला नावाने न बोलावता 'ताटवाली' म्हणायच्या. "ताटवाली आणली का गं?" "मेरी ताटवाली घर पे रह गई यार."

जुलैत पात्रं वाटली तेव्हा हॅना कुणालाच नको होती. मेलेल्या मुलीला संवादच नाहीत, तर मार्क कुठून मिळणार? मॅमनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती शेवटून दुसऱ्या बाकावर, प्रणितावर थांबली.

"तू ये. तू तशीही बोलत नाहीस."

वर्ग खो खो हसला. त्यात खोटं काही नव्हतं. प्रणिताचा आवाज इतका बारीक होता, की दहावीत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणूनसुद्धा दोनदा तिची गैरहजेरी लागली होती. रिक्षावाला चुकीच्या गल्लीत वळला तर ती चुकीच्या गल्लीत उतरून चालत घरी यायची, पण 'भैया, इधर नै' तोंडातून निघायचं नाही.

ती खुर्चीत बसली. नाव बाकावर सोडलं. कुणीतरी विचारलं, "हॅना, बुडताना भीती वाटली का?" आणि प्रणिताच्या तोंडून असा आवाज निघाला, की तिने स्वतःच दचकून इकडेतिकडे पाहिलं. भरदार, स्वच्छ, मागच्या भिंतीवर जाऊन आपटणारा. "पाण्याची नाही वाटली. मागे वळून बघितलं, तर घराच्या खिडकीत कुणीच नव्हतं, त्याची वाटली."

"कुठल्या प्रकरणात?" मॅम म्हणाल्या.

"पहिल्या. शेवटून तिसरा परिच्छेद."

त्या दिवसापासून प्रणिता कुलकर्णी नावाची एक नवीनच मुलगी चिक्कडपल्लीच्या घरात नांदायला लागली. प्रार्थनेच्या वेळी बातम्या वाचायला ती. वादविवादाला ती. रिक्षावाल्याला "भैया, ये क्या लंबा घुमा रै आप!" म्हणून सुनावणारीही तीच. आरशासमोर उभी राहून ती स्वतःशीच भाषणं ठोकायची आणि आपल्याच आवाजावर खूश व्हायची. सोळा वर्षं हा खजिना घशात पडून होता आणि आपल्याला पत्ताच नव्हता!

सप्टेंबरात, गणपती गेल्यावरच्या आठवड्यात, तिच्या मैत्रिणीने, झैनबने, खुर्चीतल्या प्रणिताला विचारलं, "हॅना, तू रोज ताटावर येऊन बसतेस. तुला पाहिजे काय असतं?"

"जे मागितलं होतं ते," खुर्चीतून उत्तर आलं. "रोज वाढतात. सगळं वाढतात. मी मागितलेलं तेवढं सोडून."

डोक्यावरचा पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

"कुठल्या प्रकरणात?"

प्रणिता खुर्चीत सावरून बसली. "आहे, मॅम. वाचलंय मी."

"शोधून आण. गुरुवारी तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षक येणारेत. त्यांना 'वाचलंय' चालायचं नाही."

तिने शोधलं. घरी येऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत शोधलं. प्रत आबिड्सच्या दुकानातून आणलेली कोरी करकरीत होती. तिच्याआधी कुणी उघडलेलीसुद्धा नव्हती, त्यामुळे कुणाचं काही खरडलेलं डोक्यात राहिलं असेल म्हणावं, तर तेही नाही. ते वाक्य पुस्तकात कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत झैनब नेहमीसारखी तिच्या डब्यातल्या थालीपिठावर तुटून पडली नाही. "एक बात बोलूं? डरना नक्को."

"बोल की."

"तू खुर्ची पे बैठी ना, तो तेरा लेफ्ट हँड ऐसा चलता." झैनबने डाव्या हाताने खांद्यावरून पुढे आलेली काहीतरी वस्तू धरली आणि बोटांभोवती पिळली. सोडली. परत पिळली. "चोटी मरोड़ते ना, वैसा. मैं जुलै से देख रई. पर तेरे को चोटी हैच नै!"

प्रणिताचे केस चौथीपासून मानेपर्यंत कापलेले होते.

"काहीतरी बोलू नको," ती हसली. घरी गेल्यावर मात्र दप्तरसुद्धा न उतरवता ती आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "रोज वाढतात. मी मागितलेलं तेवढं सोडून." आवाज आला, तोच भरदार. आणि आरशातला डावा हात अगदी सहज, सवयीने, खांद्याकडे गेला. बोटांत काही नव्हतं, पण बोटांना ते माहीत नव्हतं. खांद्यावर वजन होतं. तेल लावून घट्ट घातलेल्या वेणीला असतं, तसं.

हा आवाज आपला नाहीच की काय? कुणीतरी आपल्यात येऊन बसलंय, आणि आपण येडपटासारखं त्याच्या जिवावर वादविवादाच्या ढाली आणतोय?

दुसरी एखादी मुलगी किंचाळत आईकडे धावली असती. प्रणिताला मात्र त्या बारीक आवाजाकडे परत जायची भीती भुतापेक्षा जास्त वाटली. आरशाच्या जवळ जाऊन ती कुजबुजली, "हे बघ, कोण आहेस मला माहीत नाही. पण गुरुवारपर्यंत जाऊ नको हां. प्लीज. परीक्षा होऊ दे, मग बघू."

आरशात तिचा डावा हात आणखी एकदा फिरला आणि थांबला. कबूल केल्यासारखा.

मंगळवारी घरी केतकीआत्याची तिथी होती.

केतकीआत्या म्हणजे प्रणिताच्या बाबांची थोरली बहीण, अप्पांची लेक. बैठकीत तिचा फोटो होता. दोन रिबिनी, कपाळावर बारीक टिकली, आणि फोटोवाल्याने 'हसा' म्हटल्यावर न जमलेलं हसू. सोळाव्या वर्षी तापाने गेली, एवढंच घरात बोललं जायचं. बाबा तेव्हा पाचवीत होते. आजी गेल्यापासून तर तेवढंही कुणी बोलत नसे.

पण रीत आजीने लावून दिलेली होती आणि अप्पा ती पाळत होते. पितृपक्षात आत्याच्या तिथीला एका कुमारिकेला जेवायला बोलवायचं. तिला पाटावर बसवायचं, चांदीचं ताट, खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत. जेवण होत आलं की अप्पा हात जोडून विचारणार, "पोट भरलं का बेटा?" आणि ती मुलगी म्हणणार, "झालं." ते 'झालं' त्या मुलीचं धरायचं नाही. जी गेली, तिचं धरायचं. तोवर अप्पांच्या तोंडात पाण्याचा थेंब नाही. वय ब्याऐंशी, गेल्या वर्षी छातीत दोन स्प्रिंगा बसवलेल्या, पण या बाबतीत सिटी कोर्टातला हा जुना वकील कुणाचं ऐकून घेत नसे.

आणि मुलगी बाहेरचीच हवी. आजी म्हणायची, घरातली माणसं एकमेकांची मनं सांभाळतात, त्यांच्या 'झालं'चा काय भरवसा? म्हणून गेली काही वर्षं नारायणगुड्याच्या देशपांड्यांची रसिका यायची. चौथीतली, गोल चेहऱ्याची, तीन वड्यांनंतर स्वतःच ओरडायची, "झालं झालं झालं!" अप्पांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा आणि मग घर जेवायचं.

या मंगळवारी सकाळी देशपांड्यांचा फोन आला. रसिकाला ताप.

आईची धांदल उडाली, त्यात बाबाही कामासाठी बाहेरगावी. आई पुण्याची. या घराच्या रीती तिने निमूट उचलल्या होत्या, पण अडचण आली की तिचा पुणेरी सूर वर यायचा. "अप्पा, आता ऐनवेळी कुठून आणू मी मुलगी? समोरची शाळेत गेली. वरच्या मजल्यावरचे तिरुपतीला. आपली प्रणिता घरी आहे की अभ्यासाच्या सुट्टीवर. लग्न व्हायचंय ना तिचं? मग कुमारिकाच ती."

"घरची कशी चालेल सुनंदा?" अप्पा म्हणाले.

आईने सरळ गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. गुरुजी कुठल्यातरी दुसऱ्या श्राद्धाला निघालेले, स्कूटरवरूनच ओरडले, "चालतंय हो काका! भाव पाहिजे, भाव!" आणि फोन कट.

अप्पा बराच वेळ फोटोकडे बघत बसले. मग म्हणाले, "बेटा, बसशील?"

"हौ अप्पा, त्यात काय!" प्रणिता म्हणाली. तिला तर भूकच लागली होती. सकाळपासून स्वयंपाकघरात वडे तळले जात होते आणि हात लावायची सोय नव्हती.

आईने तिला आपली हिरवी साडी गुंडाळली, कुंकू लावलं, पाय धुतले. ती पाटावर बसली, आणि बसता बसता तिच्याकडून ती चूक झाली. जुलैपासून अंगात मुरलेली सवय. दुसऱ्या कुणाच्या जागेवर बसायचं, म्हणजे आपलं नाव बाहेर सोडून यायचं. मांडी घालेपर्यंत तिने ते सोडूनही दिलं होतं.

जेवण छान झालं. खीर दोनदा घेतली. आई वाढत होती, अप्पा सोवळ्याचा कद नेसून समोर स्टुलावर बसले होते, कारण गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवर बसता येत नसे. शेवटी त्यांनी हात जोडले. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्याला हात जोडलेले पाहून एरवी प्रणिताला लाजल्यासारखं झालं असतं.

"पोट भरलं का बेटा?"

"नाही."

तो आवाज. भिंतीवर आपटून परत आलेला.

आईच्या हातातला डाव अर्ध्यावर थांबला. "अगं, मग सांगायचं ना. काय वाढू? वडा?"

"नको."

"खीर घे थोडी."

"नको."

डावा हात खांद्याकडे गेला. हवेतली वेणी बोटांभोवती पिळली, सोडली, पुन्हा पिळली. अप्पा त्या हाताकडे बघत होते. बघता बघता ते स्टुलावरून उतरले आणि गुडघ्यांची पर्वा न करता सरळ फरशीवर बसले.

"केतकी?"

"उद्या देतो म्हणालात," ताटासमोरून आवाज आला. "अप्पा, तुम्ही उद्या देतो म्हणालात."

"प्रणिता!" आई जवळजवळ किंचाळली. "पुरे झालं शाळेचं नाटक! म्हण पाहू, झालं म्हण. अप्पांनी कालपासून पाणी घेतलं नाहीये."

प्रणिताला सगळं ऐकू येत होतं. तिला म्हणायचंही होतं. आत कुठेतरी, शेवटून दुसऱ्या बाकावर बसल्यासारखी, ती हात वर करून 'झालं, झालं' म्हणत होती, पण तो तिचा जुना आवाज होता, हजेरीतला, आणि तो ओठांपर्यंत पोचतच नव्हता.

"तिला ओरडू नको सुनंदा," अप्पा म्हणाले. भिंतीला धरून ते उठले. "उठू देऊ नको तिला. मी आलोच."

"अहो, कुठे निघालात? सोवळ्यात? काय हवंय ते सांगा, मी आणते."

"मला ठाऊक आहे काय आणायचंय."

जिन्यावर त्यांच्या काठीचा आवाज खाली खाली जात विरला. आई प्रणितासमोर बसली आणि तिने तिचा खरकटा उजवा हात तसाच धरला. "प्रणू, मला भीती वाटतेय गं. बोल ना माझ्याशी." डावा हात वेणी पिळत राहिला. खालून बतुकम्माच्या फुलांच्या सणासाठी रानफुलं विकणाऱ्या बाईची हाक आली आणि गेली. फोटोतली मुलगी न जमलेलं हसू हसत होती, आणि आईने पहिल्यांदाच नीट बघितलं, की तिच्या डाव्या वेणीचं टोक उजव्यापेक्षा जास्त विस्कटलेलं आहे.

अप्पा परत आले ते घामाने निथळत. रेशमी कद नेसलेला हा माणूस कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलात शिरला तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकांना काय वाटलं असेल, कोण जाणे. एका हातात पिशवीत बांधलेला चहा, दुसऱ्या हातात कागदी पुडी. ते पुन्हा फरशीवर बसले. त्यांनी पुडी फोडून उस्मानिया बिस्किटं सरळ चांदीच्या ताटात, खिरीच्या वाटीला लागून ठेवली. श्राद्धाच्या ताटात बेकरीचं बिस्किट!

अप्पांनी बशीत चहा ओतला. "ताप उतरला होता," ते म्हणाले. आईला सांगत होते की ताटासमोरच्या मुलीला, ते कळत नव्हतं. "टायफॉइड. डॉक्टरसाहेबांची सक्त ताकीद, घट्ट काही द्यायचं नाही. पण ती हुशार दिसत होती त्या दिवशी. उशीला टेकून बसली होती. म्हणाली, अप्पा, इराण्याकडची बिस्किटं आणा ना, चहात बुडवून एकच खाते. मी म्हटलं, उद्या देतो बेटा. आणि उद्या..." त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "तुझ्या सासूला वाटायचं, खीर आवडायची तिला. मी कधी सांगितलंच नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? आणि बाजारचं बिस्किट सोवळ्यात कुठे ठेवणार?"

त्यांनी ते बिस्किट पुढे धरलं. प्रणिताने तोंड उघडलं.

आधी गोड, मग मागून येणारं किंचित खारट. जिभेवर विरघळलं. दुसरं तिने स्वतः उचललं, स्वतः बुडवलं. तिसऱ्याचा अर्धा तुकडा हातात असताना बाहेर सोडलेलं तिचं नाव हलकेच येऊन जिभेच्या टोकावर बसलं.

आता बोलता येत होतं. आणि म्हणूनच ती बोलली नाही.

कारण लख्ख कळत होतं, 'झालं' म्हटलं की ही जाणार. पोट भरलेलं माणूस ताटावर कशाला थांबेल? आणि मग परवा त्या खुर्चीत कोण बसणार? ती शेवटून दुसऱ्या बाकावरची? बाहेरच्या परीक्षकांसमोर, मॅमसमोर, तो उंदराचा आवाज? फक्त दोन दिवस. आज गप्प राहिलं, नुसती मान हलवली, तर दोन दिवस ती राहील. तसा सौदाच झाला होता आरशासमोर.

"पोट भरलं का बेटा?" अप्पांनी पुन्हा विचारलं. त्यांचे ओठ कोरडे पांढरे पडले होते. बोटांना बिस्किटाचा भुगा चिकटला होता, पण त्यांनी तो चाटला नव्हता. उत्तर आल्याशिवाय ते चाटणार नव्हते.

प्रणिताने डोळे मिटून घेतले.

"झालं, अप्पा," ती म्हणाली. "पोट भरलं."

खांद्यावरचं वजन गेलं. कुणी हिसकावलं नाही, ढकललं नाही. मागे उभं राहून कुणीतरी वेणी अलगद आपल्याकडे ओढून घेतली, तसं. अप्पांनी तिच्या हातातला अर्धा उष्टा तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. मग पदर तोंडाला लावून आई रडायला लागली, आणि अप्पा म्हणाले, "सुनंदा, ताटं घे. भूक लागली आता."

बुधवारी प्रणिताने ताटवाली पहिल्यापासून पुन्हा वाचली. यावेळी हॅना काय म्हणते ते शोधत नव्हती. ताटात काय वाढलंय, तेवढंच बघत होती.

गुरुवारी वर्गाबाहेर झैनबने तिचा चेहरा बघितला. "क्या हुआ गे? ऐसी सूरत कैकू?"

"गेली ती," प्रणिता म्हणाली. ते इतकं बारीक निघालं, की झैनबला दोनदा विचारावं लागलं.

आत वसुंधरा मॅमच्या शेजारी सिकंदराबादहून आलेल्या परीक्षक बसल्या होत्या. खादीची साडी, हातात पेन, चेहऱ्यावर काही नाही. खुर्ची तीच. प्रणिता बसली आणि वाट बघितली. कुणी आलं नाही. नुसती लाकडी खुर्ची होती, एका पायाने किंचित डुगडुगणारी.

"हॅना," परीक्षक म्हणाल्या, "अख्ख्या कादंबरीत तू ताटावर येतेस. शेवटच्या प्रकरणात येत नाहीस. का?"

मॅमनी चष्मा काढून पुसला. दाराच्या फटीतून झैनबचा एक डोळा दिसत होता.

"कारण..." प्रणिता म्हणाली.

"जरा मोठ्याने."

"कारण माझं पोट भरलं." आवाज कापरा होता, पण बाहेर पडला होता. "पहिल्या प्रकरणात मी घरातून निघताना आईकडे पावाचा कडेचा गरम तुकडा मागते. आई म्हणते, आल्यावर देते. त्यानंतर माझं ताट नऊ वेळा वाढलंय मॅम, आणि लेखकाने दर वेळी त्यातला प्रत्येक पदार्थ सांगितलाय. मासे आहेत, बटाटे आहेत, सूप आहे. पाव एकदाही नाही. त्या घरात रोज पाव भाजतात, तरी नाही. माझ्या आईला तो तुकडा आठवतो, म्हणूनच तिच्याने तो वाढवत नाही." आता ती पुढे सरकून बसली होती. "शेवटच्या प्रकरणात ताट धाकटी वाढते. तिला काहीच माहीत नसतं. ती आपली हाताला येईल ते ठेवते, आणि त्यात पावाचा कडेचा तुकडा असतो. त्या रात्री मी येत नाही. मी रागावलेली नव्हतेच कधी. भुकेली होते."

शेवटचं वाक्य मागच्या भिंतीवर जाऊन आपटलं. प्रणिता दचकली. ती परत आली की काय? तिने चटकन खाली पाहिलं. दोन्ही हात मांडीवर गप्प पडले होते.

परीक्षकांनी मॅमकडे पाहिलं, मॅमनी कादंबरी उघडून काहीतरी चाळलं. 'कुठल्या प्रकरणात?' असं त्यांनी विचारलंच नाही.

संध्याकाळी अप्पा बाल्कनीत बसले होते. बशीत दोन उस्मानिया. आता ती बिस्किटं रोजच येणार होती, आईने डबाच भरून ठेवला होता. प्रणिता त्यांच्या खुर्चीच्या हातावर टेकली.

"कसा झाला इम्तिहान?"

"ठीक. अप्पा, एक विचारू? आत्याचा आवाज कसा होता हो? मोठा होता ना खूप?"

"केतकीचा?" अप्पा हसले. तिचं नाव घेऊन त्यांना हसताना प्रणिता पहिल्यांदाच बघत होती. "छे गं. इतका बारीक, की या खोलीतली हाक त्या खोलीत पोचायची नाही. शाळेत हजर असून गैरहजेरी लागायची तिची. वेणी पिळत नुसती उभी राहायची."

प्रणिताच्या हातातलं बिस्किट चहात तसंच राहिलं, अर्धं विरघळून बशीत पडलं.

"पण मग मंगळवारी... मी ताटावर बसून बोलले तेव्हा..."

"शब्द तिचे होते बेटा," अप्पा म्हणाले. "आवाज तुझा होता. तिला तसं मोठ्याने मागता आलं असतं, तर..." त्यांनी पुढचं सोडून दिलं आणि बिस्किट बुडवलं.

खाली रस्त्यावर फुलांच्या टोपल्या घेऊन बायका चालल्या होत्या. बैठकीतल्या फोटोवर तिरपं ऊन आलं होतं. प्रणिताने एक खोल श्वास घेतला.

"आई! आणखी चहा!"

वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"अगं, हळू!" आतून आई ओरडली. "बहिरी झाले नाहीये मी अजून!"

"राहू दे सुनंदा," अप्पा म्हणाले. "ओरडू दे तिला."